उडायच्या आधीचा सत्कार

नवनाथ मंडपवाल्याच्या बोलण्यावर सिल्वासाच्या आमलीत कोणी भरवसा ठेवत नव्हतं, आणि नवनाथ ही गोष्ट पदवीसारखी छातीवर मिरवायचा. पारोळ्याहून तो धाग्याच्या कंपनीत कामाला आला, कंपनी बसली, तेव्हा त्याने मंडप आणि माइकचा धंदा टाकला. लग्न, गणपती, क्रिकेटची टुर्नामेंट, पुढाऱ्याचा वाढदिवस, सिल्वासात कुठंही जा, भोंग्यातून आवाज त्याचाच. आणि थापाही त्याच्याच. भर मांडवात नवरदेवाच्या कानात सांगायचा, नवरी पळाली. नवरदेव घामाघूम झाला की वर सांगायचा, नळाकडे पळाली, मेहंदी धुवायला. त्याने ताप आलाय म्हटलं तरी बायको दुर्गा आधी कपाळाला हात लावून बघायची, मगच गोळी द्यायची.

अशा माणसाला विमानाच्या कार्यक्रमात सुरक्षेवर नेमला, हे ऐकून आमलीचा अख्खा नाका हसला. पण झालं ते असं.

कल्पेशभाई बादलीवाले. प्लास्टिकच्या बादल्या, टब, मग यांची त्यांची फॅक्टरी. माणूस सज्जन, देवभोळा, आणि डोक्यात एकच किडा, विमान. कुठल्याशा संस्थानिकाच्या गोदामात धूळ खात पडलेलं दोन मजली पंखांचं जुनं विमान त्यांनी उचलून आणलं. लाकडाचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, पुढे-मागे दोन उघड्या बैठका. ऐंशी वर्षांचं वय. त्याचा एक स्क्रू परदेशातून मागवायचा तर कल्पेशभाई आधी देवाचं नाव घ्यायचे, मग फोन लावायचे. घरच्यांनी बोलणं सोडलं, पण विमान उभं राहिलं. खेरडीजवळच्या त्यांच्या जमिनीवर गवताची धावपट्टी झाली, दिल्लीहून परवानग्या आल्या, आणि जानेवारीत लोकांना उडवून दाखवायचं ठरलं.

उडवणार होत्या शैलजाताई. सिल्वासातल्याच टोकरखाड्यात वाढलेल्या. वडील कोकणातून आलेले सरकारी शाळेतले मास्तर, आणि मुलीने काय शिकावं तर विमान. जन्मभर त्यांनी पोरापोरींना उडायला शिकवलं आणि रिटायर होऊन परत टोकरखाड्यात आल्या. केस पिकलेले, बोलणं मोजकं, आणि नजर अशी, की समोरच्याला आपलं शर्टाचं बटण तुटलंय हे त्यांच्या नजरेवरून कळावं.

तयारीच्या मीटिंगला नवनाथ गेला होता खुर्च्यांचं विचारायला. तिथे मजाच चाललेली. बॅनरवर नाव टाका म्हणणारे झाडून सगळे हजर. पण जमिनीवरचा जबाबदार माणूस कोण, काही झालं तर कोणाला धरायचं, हे ताईंनी विचारलं, आणि एकेकाला फोन यायला लागले. जो तो कानाला मोबाईल लावून बाहेर. शेवटी खोलीत राहिले कल्पेशभाई, ताई आणि दारात नवनाथ.

ताईंनी बोट दाखवलं. "यांना करा."

कल्पेशभाई हसले. "ताई, आ तो थापाडो छे. याचं कोण ऐकणार?"

"याला शिव्या खायची सवय आहे," ताई म्हणाल्या. "कार्यक्रम थांबवणाऱ्याला तेवढीच लागते."

नवनाथला वाटलं होतं की एक चमकदार जाकीट मिळेल, शिट्टी मिळेल, फोटो निघतील. जाकीट मिळालं, पण ताईंनी पिळूनही काढला. गर्दी कुठवर उभी करायची, कुठली बाजू रिकामी ठेवायची, विमान लोकांच्या डोक्यावरून का न्यायचं नाही, सगळं धावपट्टीवर चालवत चालवत शिकवलं. त्यातली एक गोष्ट तर दहा वेळा वदवून घेतली. ताईंनी शेवटची तपासणी केली की विमानाभोवती रस्सी लागणार, आणि रस्सीच्या आत कोणी जाणार नाही. देव आला तरी बाहेर उभा राहील. विमानात सुटं काही नको. नाणं नको, पेन नको, रुमालसुद्धा नको. पुढच्या आणि मागच्या बैठकीतले विमान वळवायचे दांडे, पायाने दाबायच्या पट्ट्या खालून एकमेकींना जोडलेल्या असतात. ताई मागे बसणार, पुढची बैठक रिकामी. तिथे काही अडकलं तर मागे पाय हलत नाही.

मग वायरलेसचा शब्द ठरवायचा होता. काही गडबड दिसली तर नवनाथने एक शब्द बोलायचा आणि ताईंनी खाली यायचं. ताई म्हणाल्या, असा शब्द द्या ज्याची तुम्ही आयुष्यात मस्करी केली नाही.

नवनाथ विचारात पडला. देव झाले, बायको झाली, कलेक्टर झाले, स्वतःच्या मरणाची तर त्याने दोनदा अफवा उठवलेली. सगळे शब्द वापरून झालेले. एकच उरला होता. बाप गेल्यावर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून जिने त्याला मोठा केला, तिचं नाव.

"चिमाबाई," तो म्हणाला. "आई माझी."

"ठीक. ऐकला की उतरेन. का म्हणून विचारणार नाही."

घरी जाताना नवनाथ तेच वाक्य घोळवत राहिला. त्याला कोणी असं कधी बोललंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी खेरडीच्या रस्त्याला मुंगीला वाट नव्हती. फॅक्टऱ्यांना सुट्टी, पोराबाळांसकट लोक आलेले, आणि नवनाथ एका हातात माइक, एका हातात वायरलेस घेऊन रंगात. ताईंनी विमान बोटाबोटाने तपासलं, पुढची बैठक वाकून बघितली, तिथले मोकळे पट्टे बांधून टाकले, मान हलवली. नवनाथने रस्सी लावली आणि कल्पेशभाईंच्या फॅक्टरीचा वॉचमन वाल्मिक तिथे उभा केला. आडदांड गडी, कोणाच्या बापाला न सोडणारा.

इथवर सगळं झकास. पण मस्करीखोर माणसाला सरप्राइज दिल्याशिवाय अन्न पचत नाही. नवनाथने ताईंना न सांगता सत्कार ठेवला होता. ताई विमानाकडे निघाल्या आणि भोंग्यातून आवाज आला, आपल्या टोकरखाड्याच्या लेकीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, ताईंनी स्टेजवर यावं. हजारो लोक टाळ्या वाजवायला लागल्यावर कोण नाही म्हणणार? ताई आल्या. चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. माइकमागून त्यांनी हळूच विचारलं, रस्सीपाशी कोण आहे. नवनाथने ऐटीत सांगितलं, वाल्मिक आहे, काळजी नको.

उशीर होत होता. ताईंनी शाल काढून खुर्चीवर टाकली, शेजारी कल्पेशभाई होते त्यांना म्हणाल्या, हे धरा जरा, आणि हेल्मेट शोधायला गेल्या. नवनाथ माइकवर पाहुण्यांची नावं घेण्यात गुंतला. मग ताई विमानात चढल्या, पंखा फिरला, म्हातारं इंजिन खोकलं, आणि गवतावरून धावत धावत विमान अलगद उचललं गेलं.

असा आवाज उठला गर्दीतून की नवनाथच्या अंगावर काटा आला. पिवळे पंख उन्हात चमकत होते, इंजिन जुन्या बुलेटसारखं धडधडत होतं. पहिली फेरी सरळ, दुसरी जरा तिरकी. आता ताई उंची घेत होत्या. यानंतर वर जाऊन उलटी कोलांटी, कार्यक्रमाचा कळस.

कल्पेशभाई स्टेजच्या कडेला हात जोडून उभे होते, डोळ्यांत पाणी. नवनाथला राहवलं नाही. माइक खाली करून त्याने टोमणा मारला, "काय भाई, ताईंचा नारळ तुम्हीच ढापला काय? घरी चटणीचा बेत दिसतो."

कल्पेशभाईंना ते लागलं. "काय बोलतो, नवनाथभाई. श्रीफळ छे, जमिनीवर ठेवतात काय? पुढच्या सीटवर ठेवला, नमस्कार करून. पहिलं उड्डाण, देवाचं काही बरोबर पाहिजे ना."

वाल्मिकने कोणाच्या बापाला सोडलं नसतं. पण मालकाला सॅल्यूट ठोकून रस्सी वर धरली होती.

नवनाथच्या हातातला माइक खाली गेला आणि वायरलेस वर आला. वर विमान नाक उचलत होतं. नारळ गोल. उलटं झालं की तो बैठकीतून सुटणार, मग कुठे आपटेल, कुठे जाऊन बसेल, देव जाणे. त्याने बटण दाबलं.

"चिमाबाई."

काही नाही. इंजिन धडधडतंय, नाक वरच. त्या एवढ्याशा वेळात नवनाथला आपण मारलेल्या सगळ्या थापा आठवल्या असाव्यात. पळालेली नवरी, स्वतःच्या मरणाची अफवा, सगळ्या. ताईंना वाटलं असेल, हा पुन्हा सुरू झाला.

मग नाक खाली आलं. विमान सरळ झालं, हळू, सांभाळून, भरल्या कपासारखं.

"उतरते," वायरलेसमधून ताईंचा आवाज आला. का ते विचारलं नाही.

नवनाथने नारळाचं सांगितलं. मग ताई म्हणाल्या, "खरं आहे. डावा पाय अर्ध्यात अडतोय. खाली पट्टीत बसलाय तो. मी उजवीकडूनच वळून येते. पण टेकल्यावर विमान उजवीकडे ओढेल, डाव्या पायाशिवाय मला आवरता येणार नाही. उजवीकडची माणसं हलवा, नवनाथ."

उजवीकडे अख्खं सिल्वासा बसलं होतं. खुर्च्यांवर, पोरं बापाच्या खांद्यावर, पहिल्या रांगेत पाहुणे. गर्दी विमानापासून लांबच ठेवलेली, पण ते लांब म्हणजे चांगल्या पायांच्या विमानाला लांब. पळा, धोका आहे, असं ओरडलं तर चेंगराचेंगरी. खरं समजावून सांगावं तर ऐकणारा कोण, आणि सांगणारा कोण. नवनाथ मंडपवाला. लोक हसून आणखी पुढे सरकतील.

म्हणून तो थाप मारायला लागला. आयुष्यभराची प्रॅक्टिस होती.

"ऐका, ऐका, ऐका," भोंगे घुमले. "आपले कल्पेशभाई यांच्यातर्फे मागच्या गेटवर आत्ता, या क्षणी, प्रत्येक घराला एक बादली फुकट. झाकणासकट. चालत या, ढकलाढकली केली त्याला बादली नाही. पहिली रांग उठेल, मग दुसरी. माल लिमिटेड आहे."

झाकणासकट या शब्दाने काम केलं. नुसत्या बादलीवर कोणाला शंका आली असती. पण झाकणासकट म्हटल्यावर, ज्या माणसाच्या तोंडून निघालेल्या तापावरही बायको विश्वास ठेवत नव्हती, त्याच्यावर हजारो लोकांनी विश्वास ठेवला. खुर्च्या सरकल्या, पोरं खांद्यावरून उतरली, बायकांनी पदर खोचले. रांग मोडली नाही, कारण रांग मोडणाऱ्याला बादली नव्हती. सोनीमावशी म्हणून नाक्यावरची एक भाजीवाली होती, ती पाहुण्यांना म्हणत होती, साहेब, तुम्ही बसा, तुम्हाला काय करायची बादली. पण पाहुणेही उठले.

कल्पेशभाई नवनाथकडे बघतच राहिले. "बादली?"

"भाई, तुमचा नारळ ताईंच्या पायात आहे. आत्ता फक्त हो म्हणा."

कल्पेशभाईंचा चेहरा राखेसारखा झाला. पण माणूस खरा, कबूल करायला हवं. त्यांनी नवनाथच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "हो. मागच्या गेटवर. आणि बादलीबरोबर एक मग पण."

जे थोडे बसून राहिले होते तेही उठले.

विमान उजवीकडून मोठ्ठा वळसा घेत आलं. उतरताना एकदा उडी घेतली, टेकलं, सरळ धावलं, आणि मग ताई म्हणाल्या होत्या तसं कोणीतरी कान धरून ओढावं तसं उजवीकडे वळलं. गर्दीपुढची रस्सी तुटली. रिकाम्या खुर्च्यांच्या पुढच्या रांगा कडाकड मोडत ते मधोमध जाऊन थांबलं. खालच्या पंखाचं टोक फाटलं. पंखा थांबला. मोडलेल्या खुर्च्यांवर पिवळं कापड फडफडत राहिलं.

ताई उतरल्या. हेल्मेट काढलं. पुढच्या बैठकीत वाकल्या, हात खांद्यापर्यंत आत घातला, आणि ओढून नारळ बाहेर काढला. शेंडी जशीच्या तशी होती. नवनाथ धापा टाकत पोचला. तो गवतावरच बसला.

पुढचा गोंधळ फार वेळ चालला. मीटिंगमधून फोनवर बाहेर गेलेले सगळे कमिटीवाले परत आले होते, आणि त्यांचं एकमत झालं होतं की इंजिन गरम झालं असं जाहीर करावं. नारळ म्हटलं तर उद्या देशभर हसतील, परवानगी जाईल, पुन्हा कधी काही होणार नाही. ताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या की दिल्लीला त्या खरं तेच कळवणार, आणि सुरुवात स्वतःपासून करणार.

"चढण्याआधी पुढची बैठक मी पुन्हा बघायला हवी होती. रस्सी सोडून मी स्टेजवर आले होते, म्हणजे तपासणी संपली नव्हती, मोडली होती. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी सरळ चढले."

नवनाथने मध्येच तोडलं, ताई काय बोलता, सत्कार माझा, जाकीट माझ्या अंगावर, रस्सी मी सोडली. कल्पेशभाई म्हणाले की नारळ तर त्यांनीच ठेवला, त्यात कोणाचा काय वाद. वाल्मिक मागे उभा होता, तो खाली मान घालून बोलला की मालकाला त्याने सोडलं. चौघंही आपापली चूक अशी घट्ट धरून बसले होते की कोणी सोडायला तयार नव्हतं. कमिटीवाले एकेक करत मागे सरले. ताईंनी चौघांचं सगळं कळवायचं ठरवलं, सत्कारासकट. आणि यापुढे रस्सीवर कल्पेशभाईंच्या पगारातला माणूस नको, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

मग नवनाथला माइकवर जाऊन लोकांना खरं सांगायचं होतं. मागच्या गेटवर फॅक्टरीतून ट्रक आला होता आणि बादल्या वाटणं सुरू झालं होतं. त्याने सांगितलं, मित्रहो, आज विमान लवकर उतरलं, कारण आम्ही केलेल्या सत्काराचा नारळ ताईंच्या पायात अडकला. लोक पोट धरून हसले. एकाने शिट्टी मारली. नवनाथने पुन्हा सांगितलं, खरंच सांगतो, चूक आमची, ताई वाचल्या, तुम्ही वाचलात, तुम्हाला इथून हलवायला बादलीची थाप मारली. आता तर लोक बादल्या बडवायला लागले. थाप कशी, बादली तर हातात होती. सोनीमावशी आपली बादली उंच धरून ओरडली, "नवनाथ, काय पण फेकतो रे."

त्याने माइक बंद केला.

ऊन उतरलं तेव्हा तो विमानाकडे गेला. ताई फाटलेल्या पंखावर ताडपत्री ओढत होत्या. कल्पेशभाई लांब, विमानाभोवती पुन्हा बांधलेल्या रस्सीच्या बाहेर उभे होते. कोणी आत बोलावेपर्यंत येणार नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं असावं. पंख पुन्हा शिवायचा म्हणजे केवढा खर्च, पण त्याचा त्यांनी शब्द काढला नव्हता. नवनाथने ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. मग न राहवून विचारलं की ताई, मी तो शब्द बोललो तेव्हा तुम्हाला वाटलं नाही का, हा मस्करी करतोय.

"वाटलं ना," ताई म्हणाल्या. "थोडा राग पण आला. कोलांटी इतकी छान जमणार होती."

"मग?"

"विचारणार नाही असं ठरलं होतं."

"आणि मस्करी निघाली असती तर?"

"तर दोन ठेवून दिल्या असत्या. पण उतरून."

नवनाथ काहीतरी बोलणार होता. नेहमीसारखं काहीतरी, नारळावर, बादलीवर, कशावरही. तोंडात आलंच नाही. पारोळ्यापासून आजवर त्याचं ऐकून लोक हसले होते, चिडले होते, त्याला शिव्या घालून गेले होते. वर आभाळात एकटी असलेली बाई त्याचा एक शब्द ऐकून खाली आली होती. तिला पटला नव्हता तरी आली होती. ताडपत्री घट्ट ओढता ओढता त्याला दिसेनासं झालं, आणि त्याने तोंड विमानाच्या शेपटीकडे फिरवलं.

"ताई, उपकार झाले तुमचे," तो म्हणाला.

"माझे? वाचले मी तुमच्यामुळे. थँक्यू मी म्हणायचं."

"पण उतरलात ना तुम्ही."

ताईंनी दोरीची गाठ मारली, ओढून बघितली, मग नवनाथने मारलेली गाठही ओढून बघितली, आणि मान हलवली. मग रस्सीच्या बाहेर उभ्या असलेल्या कल्पेशभाईंना हाक मारली, या, चहा घेऊ. कल्पेशभाईंनी खिशातली किल्ली, मोबाईल, सुपारीची डबी, सगळं काढून खुर्चीवर ठेवलं आणि मगच वाकून आत आले.

तेवढ्यात मागच्या गेटवरून निरोप आला की लाल बादल्या संपल्या आणि हिरव्या कोणी घेत नाही, भांडणं लागायला आलीत, नवनाथला बोलवा. त्याने डोळे पुसले, जाकीट झटकलं, माइक उचलला आणि निघाला. हिरवी बादली नशीबवान असते, हे लोकांना कसं पटवायचं, त्याचा विचार चालता चालताच सुरू झाला होता.